ग्रहण मी पाळलं नाही

कैरी मी चिरली. सूर्याला ग्रहण लागलेलं, पोटात मूल, आणि मी विळीवर बसून कैरी चिरली, तिखटमीठ लावून खाल्लीसुद्धा. हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. लोणावळ्याच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये दारंखिडक्या लावून, पाय सरळ ताणून, अंग न खाजवता पडून राहायचं म्हणजे काय असतं, ते सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं! सासूबाई भिंतीकडे तोंड करून जप करत होत्या. सासूला आमच्या मावळात आत्याबाई म्हणतात. विळीचा आवाज ऐकून त्या वळल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आगं बया! काय केलंस ह्ये?"

मुलगा झाला तो धडधाकट. ओठ फाटलेला नाही, कान तुटलेला नाही. आत्याबाईंनी त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि मगच त्या हसल्या. कुलदैवताचा अंगारा त्यांनी माझ्या लग्नापासून नातवासाठी राखून ठेवला होता. त्यात गोवरीची राख मिसळली आणि बेंबी लवकर सुकावी म्हणून तो त्यांनी हलक्या बोटांनी लावला. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बारशाआधीच पोर दूध ओढेना. बेंबी लालभडक झाली, तिला वास यायला लागला. अंग कधी चटका बसेल असं तापायचं, कधी गार पडायचं. आत्याबाई बोलत काहीच नव्हत्या, फक्त विळीकडे बघायच्या. शेजारणी मात्र बोलायच्या, आणि मला ऐकू येईल अशा बेताने बोलायच्या.

आम्ही दोघं नवराबायको त्याला घेऊन पॅसेंजरने तळेगावकडच्या एका दवाखान्यात गेलो. बाहेर धुकं इतकं दाट की मळवली कधी मागे पडली तेही कळलं नाही. दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात तो माझ्या मांडीवर गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तान्ही बाळं का दगावतात याचा शोध घेत होत्या. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाळाला आतून तपासू द्याल? हृदय आणि मूत्रपिंडं बघायची आहेत. विष कुठून शिरतं, कुठवर जातं ते कळलं तर पुढची बाळं वाचतील."

नवरा उठून व्हरांड्यात गेला. पुढची बाळं गेली खड्ड्यात, असंच मला त्या वेळी वाटलं. मला एवढंच हवं होतं, की माझ्या कैरीने माझं पोर मारलं का हे कुणीतरी सांगावं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. हृदय नीट घडलेलं होतं, त्यात कसलीच खोट नव्हती. मूत्रपिंडांत मात्र पुवाचे बारीक बारीक ठिपके होते. विष बेंबीतून शिरून रक्तात गेलं होतं. बेंबीला काय लावलं होतं, त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "राख." अंगारा म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. मग मी ग्रहणाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. "त्याचा काही संबंध नाही," एवढंच म्हणाल्या.

आणि मला हलकं वाटलं. पोर गेलेलं, त्याला आतून चिरलेलं, आणि मला हलकं वाटलं! त्या हलकेपणाची मला अजून भीती वाटते. हृदय आणि मूत्रपिंडं त्यांनी अभ्यासासाठी काचेच्या बरणीत ठेवून घेतली. त्यालाही मीच हो म्हटलं. तेव्हापासून लोणच्याची बरणी उघडताना माझा हात अडतो.

आत्याबाईंना सांगायचं मी रोज ठरवायची. नळावर मला बघून बायका गप्प झाल्या की शब्द अगदी ओठांवर यायचे. भर दुपारी धुक्यातून इंजिनाची शिट्टी आली की तो रडतोय असं वाटायचं, छातीत दूध दाटून यायचं आणि चोळी भिजायची. तरी सांगणं राहूनच गेलं.

पुढे मुलगी झाली. आत्याबाई अंगाऱ्याची वाटी घेऊन आल्या. मी बाळावर हात आडवा धरला आणि म्हटलं, "बेंबीला काही लावायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"का गं?"

मी दुपटं बाळाच्या बेंबीवर ओढून घेतलं. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या.

"मंग त्यो पयला..." त्या म्हणाल्या. "आनि माजी दोगं? त्यास्नी बी म्याच लावला व्हता."

त्यांची दोन मुलं अशीच तान्ही गेली होती. वाटी कलंडून राख पायांवर सांडत होती. नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मेल्याने तेव्हाही तोंड उघडलं नाही!

"छे हो, आत्याबाई," मी म्हटलं. "ही आपली नवी पद्धत. त्याचं काळीजच अधू होतं. नळी लावून बघितलं त्यांनी. ग्रहणाचंच ते."

वाटी बाजूला ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे, पोरी. तवा तू बी ल्हानच व्हतीस. म्या कदी बोलले का तुला?"

मला असा संताप आला की दाताखाली ओठ फाटला. पण त्या हाताखालून डोकं काही काढून घेता आलं नाही.

त्यानंतर त्या जगल्या तोवर दर वर्षी मला टेकडीखाली घेऊन जायच्या. तिथे त्याला पुरलं होतं. वाटीभर दूध ओतायच्या, मातीवर तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाळा, तुज्या आयेला माफ कर रं. तिला कळलं न्हाई."

मी शेजारी उभी असायची.

"हात जोड की," त्या म्हणायच्या.

मी जोडायची.