पाचवा गिअर

वडिलांच्या गाडीचं इंजिन मी त्यांना न सांगता बदललं. हे आधीच लिहून टाकतो, कारण त्या दिवसांबद्दल बोलायला लागलो की मला इतका चेव येतो की ही गोष्ट सांगायची राहूनच जाते.

गाडी चाळीस वर्षांची, नोंदणीच्या पुस्तकावर नाव वडिलांचं. पंधराशे सीसीचं मूळ इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी जपलेलं. पण कर्नाळ्याच्या चढावर ते तापायचं. लहानपणी गावी जाताना आम्ही रस्त्याच्या कडेला उभे, वडील रेडिएटरवर ओलं फडकं धरून बसलेले आणि शेजारून भरलेले ट्रकसुद्धा पुढे निघून जायचे. तेव्हाची लाज पन्नाशी आली तरी माझ्या मनातून गेली नव्हती.

पळस्प्याला एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. आखातात बरीच वर्षं गाड्या दुरुस्त करून परतलेले. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याकडे अठराशेचं जपानी इंजिन आलं, गिअरबॉक्ससकट. फोन आला त्याच दुपारी मी रजा टाकून पोचलो. घरी सांगितलं, गाडी ओव्हरहॉलला टाकलीय.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिस सुटलं की थेट पळस्पे गाठायचो. जुनं इंजिन साखळीवर वर आलं तेव्हा माझा जीव चरकला, पण नवं खाली उतरायला लागल्यावर सगळं विसरलो. ते दोन बोटं लांब निघालं. चाचांनी रेडिएटर पुढे सरकवला, इंजिन ज्यावर बसतं ते आधार कापून नव्याने वेल्ड केले, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड केला. मी टॉर्च धरून उभा असायचो आणि घरी येऊन बायकोला सगळं तपशीलवार ऐकवायचो. ती एवढंच विचारायची, "पप्पांना कधी सांगणार?"

चाचांची एक रीत होती. नव्या इंजिनाला पहिली चावी पुस्तकावर नाव असलेल्या माणसानेच मारायची. वडील कधी येतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्यांना जमणार नाही.

"म्हणजे सांगितलं नाय तुमी," चाचा म्हणाले. "साहेब, ऑपरेशन गुपचूप करताय. पेशंटच्या घरचे आले की मी नमाजाला गेलोय, असं सांगेन."

मी हसलो आणि चावी फिरवली. दुसऱ्या फेरीला इंजिन पेटलं. सीटखालून एक जाड, भरदार थरथर पायांत चढली. मी वेड्यासारखा स्टिअरिंगवर थापा मारत होतो.

मग मी दोन गोष्टी केल्या, त्या अजून टोचतात. नव्या गिअरच्या दांड्यावर जुनीच झिजलेली मूठ बसवून घेतली, वडिलांना फरक दिसू नये म्हणून. आणि पासिंगच्या कागदांत इंजिन बदलल्याचा अर्ज सरकवून त्यावर त्यांची सही घेतली. त्यांनी न वाचता केली. मुलाने पुढे केलेला कागद कोण वाचतं? सोमवारी तो अर्ज आरटीओत द्यायचा होता, म्हणून गाडीतच ठेवला.

रविवारी त्यांना घेऊन निघालो. त्यांना ऐकू कमी येतं, त्या भरवशावर. कर्नाळ्याचा चढ लागला आणि गाडी अशी वर चढली की मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. दोन ट्रक मागे पडले. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. चढ संपताच त्याच नादात क्लच दाबून मी पाचवा टाकला.

वडील माझ्या हाताकडे बघत होते. मुठीवर आकडे चारच होते.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं, सहीसकट. ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. स्वतःची लबाडी ओरडून सांगणं फार अवघड असतं. त्यांनी अर्ज मागितला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला आणि कारणापाशी थांबले. मी लिहिलं होतं, 'मूळ इंजिन नादुरुस्त.'

"नादुरुस्त?" ते म्हणाले. "रोज पहिल्या सेल्फला चालू व्हायचं ते."

इंजिन बदलल्यापेक्षा त्यांना तो शब्द लागला होता. त्यांनी अर्ज फाडला, तुकडे खिशात ठेवले आणि कोरा कागद मागितला. बॉनेटवर कागद ठेवून मी पुन्हा लिहायला घेतलं. कारणापाशी माझा हात अडला.

"खरं असेल ते लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'मूळ इंजिन चढावर कमी पडतं.' त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तापायचं, हे खरं आहे," ते म्हणाले आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली. पेन मला परत दिलं, आत बसले, दार लावलं.

"चल, पुढे घे. आणि पाचवा टाकताना आधी सांग. मला बघायचाय."