काचपेटीतलं मधलं बोट

चर्चच्या जेवणावळीत मिस डेल्फीन ट्रुइट रश्श्यातले पिठाचे डम्पलिंग वाढायला आली की "पुरे" म्हणायची सोय नाही. शहाऐंशी वर्षांची बाई, पण जीभ अजून ताज्या कारल्यासारखी. आमच्या डेलावेअरच्या कारखान्यात ती तरुणपणी बायकांची पोटं आवळणारे पट्टे शिवायची. पुढे त्याच कारखान्याला अंतराळवीरांच्या पोशाखांचं काम मिळालं आणि तिला हातमोज्यांवर बसवलं. "अख्ख्या गावाची पोटं आवरली, मग पुरुषांच्या बोटांचं काय एवढं?" असं ती म्हणते.

तिनं शिवलेला एक हातमोजा आमच्या चिमुकल्या संग्रहालयात काचपेटीत आहे. चंद्रावर गेलेला नव्हे, हा सरावातच झिजून घरी बसला. दर गुरुवारी ती येऊन काचेवर टकटक करते आणि दिसेल त्याला सांगते, "हे माझं." मी दारात तिकिटं फाडतो, म्हणून मला पाठ झालंय. नवरा गेला, मुलं टेक्सासला. तिच्या हातचं लोकांना दिसेल असं एवढंच उरलंय.

गेल्या वर्षी हातमोज्यातलं रबर आखडलं. बाकीची बोटं आत वळली, मधलं तेवढं ताठ. शाळेच्या सहली त्या शिवीसमोर फोटो काढायला रांगा लावू लागल्या. वाकवायला जावं तर रबर तडकणार. शेवटी संग्रहालयाचा अध्यक्ष असलेल्या वॉरन प्रेटीमननं बैठक बोलावली. मिस डेल्फीन न बोलावता येऊन बसली.

"मिस डेल्फीन, लोक तक्रारी करतात हो. नीट गुंडाळून गोदामात ठेवू."

"कायमचा?"

"तसंच समजा. फार अशोभनीय दिसतं ते."

"वॉरन, तुझा शेंबूड मी पुसलाय. मला शोभा शिकवतोस?"

तिनं खिशातला उजवा हात काढून टेबलावर ठेवला. सुई धरून धरून तिचीही बोटं आत वळलीत. ज्या मधल्या बोटात अंगुस्तान घालून ती सुई रेटायची, ते तेवढं ताठ. ते थेट वॉरनकडे बघत होतं.

"त्याच कामानं हाही असा झाला. याला कुठल्या गोदामात टाकतोस?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मलाही हसू आलं आणि त्याच दमात रडूही. वॉरन कानापर्यंत लाल झाला.

"राहू दे तिथंच," तो पुटपुटला.

आता गुरुवारी पोरं हातमोजा आणि मिस डेल्फीन, दोघांसोबत फोटो काढतात. परवा सगळे गेल्यावर वॉरन एकटाच आला आणि अवघडत म्हणाला, "मिस डेल्फीन, माझाही एक?"

तिनं त्याला मध्ये उभं केलं.