पंचांत बसलो त्या दिवशी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवतो आणि मग उठून गिरणीचा पट्टा तपासायला जातो — पट्ट्याला काहीच झालेलं नसतं.

परभणीकडच्या गोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. मोबाइल नुकते आले होते, ती सालं. भांडणं कोर्टात न नेता गावातच मिटवायची म्हणून समिती झाली आणि तिच्यात मला घेतलं. मला! पिठाची गिरणी चालवणारा माणूस. पंचांत बसणं म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला? आजवर जे ओट्याखाली उभं करून बोलायचे, ते सरकून जागा देतात.

पहिलाच वाद शांताबाईचा. बौद्धवाड्यातली विधवा, तिचं दीड एकर पाटलाच्या शेताला लागून. बांधावरून बाचाबाची झाली, तिचा हात मोडला. ती म्हणे, पाटलाच्या पोरानं कुदळीच्या दांड्यानं मारलं. पोरगं म्हणे, बाई घसरून पडली.

आता — सांगतोच. मी तिथं होतो. सायकलला डिझेलचा डबा बांधून येत होतो. दांडा वर गेलेला पाहिला, खाली आलेलाही. आणि पायडल मारत निघून आलो.

बैठकीत अध्यक्षानं विचारलं, "कोणी पाहिलं का?"

शांताबाई माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमी व्हते ना रस्त्यावर?"

"न्हाई बाई. मी गिरणीवर व्हतो."

काहून बोललो असं? भीती होती म्हणालो तर सोपं जाईल — पण धमकी कुणी दिलीच नव्हती. पाटलानं शेजारी बसवून स्वतःच्या हातानं चहा दिला होता. त्या जागेवरून मला उठायचं नव्हतं. एवढंच.

निकाल एकमतानं झाला. बाईनं पोलिसात जाऊ नये, दवाखान्याचा खर्च पाटलानं द्यावा. मीही हात वर केला.

ती म्हणाली, "मी पडले म्हन्ता ना? मंग त्यांचा खर्च कशाला?" आणि उठून गेली.

हात वाकडाच जुळला. खुरपं धरता येईना. शेवटी शेत पाटलालाच विकून ती परभणीला लेकीकडं गेली. त्याआधी कितीतरी दिवस दळणाचा डबा डोक्यावर घेऊन, माझ्या गिरणीवरून पुढच्या गावाला जायची. मी एकदाही हाक मारली नाही.

गावात वाद झाला की लोक अजून मला बोलावतात. मी जातो.