बुटक्यांच्या संपाचं गाणं

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी कामगार संघटनेची पत्रकं आली. बाबांच्या पिशवीत उरलेली पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले, आणि कोणी फुकट काही देऊ लागला तर त्यात त्याचा फायदा काय ते आधी शोधावं, हेही त्यांतच शिकले. म्हणून फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर आपली गोष्ट, लिहायला घेतली तेव्हा एका अद्भुत कादंबरीतल्या बुटक्या खाणकामगारांना मी दुसऱ्याच प्रकरणात संपावर पाठवलं. मूळ लेखिकेने त्यांना नुसतं राणीपुढे वाकायला ठेवलं होतं.

त्यांच्या संपाचं गाणं मी लिहिलं. गोंदियातल्या एका वाचक मुलीने त्याला चाल लावली, ढोलकीवर स्वतः गाऊन ते मला पाठवलं. "दीदी, पुढच्या प्रकरणासोबत लावा. चाल माझी म्हणून फक्त नाव टाका."

बाकी काहीच नको? मला खटकलं. चाल ऐकून तर जास्तच. ओळीच्या मध्ये ती विसावत होती, रोवण्यातल्या, म्हणजे भातलावणीतल्या, बाया धानाच्या रोपांची नवी पेंडी सोडताना विसावतात तशी. राबणाऱ्या बायांची चाल उचलायची आणि वर आपलं नाव लावायचं! वाचकांना सावध करणारा मजकूर मी लगेच लिहून ठेवला. पण पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, असं घरचं वळण. म्हणून कामठ्याकडे, मावशीच्या शेतावर गेले. रोवणा चालू होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मोबाईलवर गाणं लावलं.

मावशीने वाकल्या वाकल्याच ऐकलं. "आणखी लाव." आणखी लावलं. मग ती स्वतःच गायला लागली. खाणीच्या मालकाच्या जागी तिने नणंद घातली होती.

"मावशी, हे गाणं जुनं आहे का?"

"आमचंच होये. लहानपणापासून म्हणतो."

"काय खोटं बोलून राहिली वो!" शेजारची बाई म्हणाली. "आत्ताच तं आयकलं तू."

"तुले काय मालूम? तू तं लग्न होऊन आली या गावात."

"मंग दुसरं कडवं म्हण."

मावशीने उभ्या उभ्या दुसरं कडवं रचलं आणि अख्ख्या रांगेने ते उचललं, जन्मापासून पाठ असल्यासारखं. आता मला मुलीचा संशय होता आणि मावशीचाही.

तरी मी ते रेकॉर्ड करून मुलीला पाठवलं. खाली लिहिलं, 'चाल या बायांची आहे, असं त्या म्हणतात.' तिचा लगेच फोन.

"दीदी, ये तो मेरा ही गाना है! तुम्हीच ऐकवलं ना त्यांना?"

"आधी सांग, मधला विसावा कुठून आणलास?"

"आजीसोबत रोवण्याले जात होती मी. तेवढा तिथला. बाकी सगळं माझं." मग तिचा आवाज चढला. "आणि बुटके तुमचे आहेत काय? राणी तुमची आहे?"

"मूळ लेखिकेचं नाव मी प्रत्येक प्रकरणावर टाकते."

"मग माझं टाकायले काय होते?"

मी फोन ठेवला. लिहून ठेवलेला मजकूर पुसला आणि प्रकरणाखाली तिचं नाव टाकलं. पण तिला पुरतं मोकळं सोडायची माझी तयारी नव्हती. पुढे जोडलंच: 'ओळीतला विसावा रोवणा करणाऱ्या बायांचा.'

तिने हरकत घेतली नाही. पुढच्या गाण्याची चाल पाठवली, सोबत एकच अट.

"दीदी, ये वाला पहले शेत में मत सुनाना."