वाळूचे वाण

वाळूवाल्या काकू बसून बोलत नसत. बोलता बोलता स्टूल इकडचे तिकडे ठेवत, भरलेली बादली या हातातून त्या हातात घेत, नाहीतर नुसत्याच टाचा उचलत राहत. नल्लकुंटा मोहल्ल्यात त्यांच्या घरी खाली आम्ही भाडेकरू, वर त्या आणि त्यांचा मुलगा श्रीधर. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या. मी स्वतः यादी करून कामे उरकणारी. तरी त्यांच्यासमोर आपले काहीतरी राहून गेले आहे असे सारखे वाटायचे.

नाव पडले ते एका संक्रांतीला. वाणात प्लास्टिकचे डबे वाटायची तेव्हा नवी हौस होती. गल्लीतली घरे एकामागून एक पाडली जात होती, अपार्टमेंट चढत होती आणि कोपऱ्यावर वाळूचा ढीग कायमचा होता. काकूंनी मिस्त्रीला विचारून त्यातली वाळू आणली, चाळली, वारलेल्या काकांच्या जुन्या धोतरांच्या दुहेरी पिशव्या शिवून त्यांत भरली आणि हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या हातात दोन-दोन ठेवल्या, अंगात बळ यावे म्हणून रोज उचलायला. वाण कुणी परत करत नाही, हे त्यांनी बरोबर हेरले होते. एकीने त्या देवापुढे ठेवून कुंकू वाहिले, दुसरीने दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावल्या. काकू घरोघर चौकशीला गेल्या. "पूजा झाली असेल तर आता उचला," म्हणाल्या.

जेवणाच्या वेळी त्या हमखास खाली डोकावत. सगळ्यांचे झाल्यावर मी पातेल्यातले उरलेले पाणीदार वरण भातावर ओतून घ्यायची. ते पाहून त्या चिडत. एकदा त्यांनी घट्ट वरणाचा पहिला डाव सरळ माझ्या ताटात वाढला आणि माझ्या यजमानांना सांगितले, आज तुम्ही थोडे थांबा. साबुदाण्याच्या उपवासांवर तर त्यांचा विशेष राग. माझी पाळी मागेपुढे होत होती, अंगातून वाफा निघायच्या, मी घरभर करवादत फिरायची. त्यांनी माझ्या हातात फुटाणे ठेवले. "पाळी जाताना एकटी जात नाही गं, हाडांतलंही घेऊन जाते. आत्तापासून भर घाल."

हे खूळ कुठून आले, ते त्यांनी बादली उचलता उचलता एकदाच सांगितले. त्याच शहरात गौलीगुड्यात राहणारी त्यांची बहीण न्हाणीघरात पडली, पुतण्याच्या घरी खाटेवर पडून राहिली आणि स्वतःच्या घरी पुन्हा गेली नाही.

काकूंचा श्रीधर कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला, तेव्हा स्वतःचे घर सुटण्याची तीच वेळ काकूंवर आली. बिल्डर घर मागत होता. आईला मामाकडे ठेवावे आणि होकार देऊन टाकावा, असा श्रीधरचा विचार. मला वर बोलावले ते बहुधा आईची समजूत घालायला.

"आई, घरात कुणी नसताना पडलीस तर?"

"पडले तर उठेन. त्यासाठीच तर चाललंय हे."

तो म्हणाला, बोलणे सोपे आहे. काकू फरशीवर मांडी घालून बसल्या, दोन्ही हातांत पिशव्या धरल्या आणि कुठेही न टेकता उठू लागल्या. अर्ध्यात त्यांचा तोल गेला. मी पुढे झाले. "नक्को," त्या दातांतूनच म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद, श्वास चढलेला.

"आता तू."

श्रीधर हसत बसला. उठताना त्याचा हात आपसूक फरशीवर गेला. त्याने तो चटकन मागे घेतला, पण आम्ही दोघींनी पाहिले होते. खाली उतरून त्याने आमच्याच फोनवरून बिल्डरला सांगितले, सध्या राहू द्या.

काकू त्या घरात शेवटपर्यंत राहिल्या, स्वतःच्या पायांनी जिना चढत-उतरत. गेल्या त्याही एका पहाटे झोपेत.

मग मात्र घर विकले गेले. श्रीधर आवरायला आला. भांडी वाटली, पुस्तके शाळेला दिली. आमची बांधाबांध चालली होती. मी यादी हातात घेऊन वर-खाली करत होते. पाहते तो हा जिन्याच्या पायथ्याशी उकिडवा बसून आईच्या दोन पिशव्या उसवतोय. वाळू कोपऱ्यात ओतली, वडिलांच्या धोतराचे कापड झटकले, घडी केली आणि सुटकेसमध्ये ठेवली.

"वाळू तिकडंही मिळेल, वहिनी," तो म्हणाला आणि फरशीवर हात टेकून उठला.