लागण कोणाकडून

"काका, आई गेली," फोनवर निखिल म्हणाला आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" पोराचा जन्म बर्मिंगहॅमचा, त्याला वाटलं, आपलंच मराठी चुकलं. "आय मीन... शी डाइड, काका." दीड महिना झाला, तो प्रश्न आठवला की अजून मान खाली जाते.

पण त्या प्रश्नाला कारण निखिलची आई, कुमुदताईच. शाळांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आयुष्य काढलेल्या ताई रिटायर झाल्यावर दर मंगळवारी बसने लायब्ररीत जात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तिथल्याच एका जुन्या शाळेची रजिस्टरं वाचत बसत. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला... आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड त्या लिहीत, मराठीत: नाव, रस्ता, वर्ग, लागण कोणाकडून, शाळेत परत कधी. ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे होतं. ज्यांच्यापुढे 'गेली' लिहिलं होतं, त्या सगळ्या मुलींना मी 'मृत' करून टाकलं. ताईंनी स्क्रीन पाहिला आणि कडाडल्या, "अरे गाढवा, रजिस्टरमध्ये 'लेफ्ट' आहे! घर बदलून गेल्या त्या. चांगल्या धडधाकट पोरी मारून टाकल्यास!"

"मग वारलेल्यांचं काय लिहिता तुम्ही?"

"काही नाही. परतल्याची तारीख कोरी ठेवते..."

मग त्यांनी सांगितलं ते एवढंच, की लहानपणी मिरजेत धाकटा भाऊ घटसर्पाने दगावला, आणि त्याच्या चार दिवस आधी घसा ताईंचा दुखत होता. "मी बरी झाले रे." परक्या देशातल्या, कधीच्या काळच्या मुलांची या बाईला एवढी काय पडलीय, असं मी घरी चेष्टेने म्हणायचो. त्या दिवसापासून म्हटलं नाही.

परवा निखिलने कार्डांचा खोका आणून दिला. मी एकेक कार्ड पुन्हा पाहिलं. दोन भावंडं, एकच घर, एकच आठवडा. तरीही लेखी पुरावा नसेल तिथे ताईंनी सरळ 'माहीत नाही' लिहिलंय. त्या बाबतीत त्या फार कडक होत्या. सगळ्यात मागे एक कार्ड निघालं. अनंत, इयत्ता दुसरी, मिरज. परतल्याची तारीख कोरी. 'लागण कोणाकडून'च्या पुढे, ठळक अक्षरात, 'कुमुद'.

मला रडू आवरेना. इतकी वर्षं ही बाई हे एकटीच घेऊन बसली होती... डोळे पुसून मी ते कार्ड कॉम्प्युटरवर चढवलं, आणि त्या रकान्यात, त्यांना न विचारता, लिहिलं: 'माहीत नाही'.