भावोजींचे रिकामे रकाने

तुमच्या आजोबांच्या एका मित्राला मी भावोजी म्हणते. त्यांच्या मते, लाकूड कोरायच्या क्लासला जाऊन बरं होत नाही असं दुखणंच जगात नाही. गुडघे, साखर, झोप न लागणं, सुनेशी अबोला, सगळ्यांवर एकच उतारा: रविवारी सकाळी नऊला किन्हवलीच्या समाजमंदिरात हजर व्हायचं. मी पाठवलेल्या मागच्या पार्सलमधल्या ज्या वस्तूला तुमच्यापैकी एकाने होडी म्हटलं आणि दुसरीने मासा, ती पळी आहे. ती भावोजींनी कोरली आहे, आणि ती डावीकडे का झुकते हे तुम्हाला कळायला हवं.

दोन वर्षांपूर्वी भावोजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ तर आठवड्यातच सावरली, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. पुढे एका कचेरीत अर्जावर सही हवी होती. त्यांचा हात बघून कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. "काका, अंगठा द्या." भावोजी उठले. "अंगठा माझ्या बापानं दिला. मी सही करतो," म्हणाले आणि अर्ज तिथेच टाकून घरी आले. यात ताठा होता, पण नुसता ताठा नव्हता. भावोजी कधी शाळेत गेले नाहीत. चाळिशीत तुमच्या आजोबांनी त्यांना आमच्या ओटीवर बसवून सही करायला शिकवलं होतं, एक अख्खा उन्हाळा घालवून.

डॉक्टरांनी हातासाठी रबरी चेंडू दिला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी कुत्र्याला देऊन टाकला. "दाबून दाबून हातात शेवटी काय रहातं? चेंडूच ना?" त्याच सुमारास म्हसा गावच्या एका सुताराने हा क्लास सुरू केला. भावोजींनी पहिल्याच दिवशी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा मांडीत धरला, पटाशी फडक्याने उजव्या हाताला बांधून घेतली आणि डाव्या हाताने हातोडी चालवली. सुतार ओरडत होता, "काका, लाकडाच्या रेषेच्या उलट नका जाऊ!" काका उलटच जात होते. ठोकळा फुटला. त्यांनी दुसरा मागितला. असे अकरा ठोकळे फुटले.

एकट्याने शिकणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांनी गाव गोळा केलं. बांधावरून सहा वर्षं न बोलणाऱ्या दोन भावांना त्यांनी एकाच मोठ्या करवतीच्या दोन टोकांना बसवलं. ती करवत एकट्याला ओढता येत नाही. अर्धा तास नुसती खेचाखेच, मग धाकटा चिडून म्हणाला, "अरे दादा, सोड की आता, माझी पाळी हाय!" बांध अजून तिथेच आहे, पण पुढच्या रविवारी दोघे एकाच मोटरसायकलवरून आले.

मलाही त्यांनी असंच उचललं. तुमचे आजोबा गेल्यानंतर मी घरातली कपाटं लावत होते. लावून झाली की रिकामी करून पुन्हा लावायची. भावोजी दारात उभे राहिले. "वयनी, तुमची कपाटं दमली आता. चला. नाय बोलायचं नाय." मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई, पटाशी कुठून धरायची तेही मला ठाऊक नव्हतं. पण दोन तास फक्त बोटं सांभाळण्यात गेले, आणि त्या दोन तासांत घरात कोण नाही याची आठवण झाली नाही. एवढा फायदा मला दुसऱ्या कशाने झालेला नाही.

हजेरीची वही अर्थातच माझ्याकडे आली. प्रत्येकाने आपल्या रकान्यात सही करायची. भावोजींना मी म्हटलं, मी बरोबरची खूण करते. "हात लावू नका. माझा रकाना रिकामा ठेवा. भरीन मी." त्यामुळे एकही रविवार न चुकवणारा माणूस माझ्या वहीत वर्षभर गैरहजर राहिला.

हळूहळू फडकं सुटलं. मग पळ्या निघाल्या, घरटी एक. उजवा हात अजून ओढत असल्यामुळे सगळ्या डावीकडे झुकलेल्या. त्यांची बायको म्हणाली, "आवो, हिच्यातलं वरण ताटात कमी आन् माझ्या लुगड्यावर जास्त!" भावोजी शांतपणे म्हणाले, "मग ताट डावीकडं सरकव गो."

गेल्या रविवारी त्यांनी वही मागितली. पेन पटाशीसारखं मुठीत धरलं. सुतार थांबला, दोघे भाऊ करवत धरून तसेच थांबले. पहिलं अक्षर रेघेबाहेर गेलं, दुसरं त्यावर चढलं. पण सही झाली. मग ते मान खाली घालून मागे मागे जात राहिले, एकेक रविवार भरत. मागच्या तारखांच्या सह्या घेणं नियमात बसत नाही. मी चष्मा पुसत बसले.

उद्या ते त्याच कचेरीत जाणार आहेत. "वयनी, तुमी येऊ नका," असं बजावलं आहे त्यांनी.

त्या रविवारी घरी येऊन मी वही उघडली. प्रत्येक सहीखाली एक लांब रेघ आहे आणि रेघेखाली दोन टिंबं. तुमचे आजोबा स्वतःच्या सहीखाली तशीच रेघ काढायचे. शिकवताना तीही शिकवली असणार. मी ती वही कपाटात ठेवलेली नाही. टेबलावर उघडीच आहे.